फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल

फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल (१० जानेवारी, १८७७ – १६ नोव्हेंबर, १९४८) हे अमेरिकन भौतिक रसायनशास्त्रज्ञ व संशोधक होते. कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणारी धूळ, धूर आणि आम्लाचे तुषार विजेच्या साहाय्याने पकडणारे स्थिरविद्युत अवक्षेपक हे यंत्र त्यांनी प्रयोगशाळेतून बाहेर काढून प्रत्यक्ष कारखान्यात चालते केले. या यंत्राच्या एकस्वांचे, म्हणजे पेटंटांचे, उत्पन्न स्वतःसाठी न ठेवता ते विज्ञानातील संशोधनाला मिळावे, या हेतूने त्यांनी १९१२ साली रिसर्च कॉर्पोरेशन ही संस्था उभी केली. विद्युत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव 'कॉट्रेल समीकरणा'मुळे परिचित आहे. औष्णिक वीजकेंद्रे, सिमेंटचे कारखाने आणि धातू गाळण्याच्या भट्ट्या यांतील धूलिसंकलनाच्या आजच्या स्वयंचलित यंत्रणांचे मूळ त्यांच्या कामात सापडते.

बालपण व शिक्षण

कॉट्रेल यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड या गावी झाला. छपाई, छायाचित्रण, तारायंत्र आणि विजेची उपकरणे यांचा नाद त्यांना शाळकरी वयातच लागला होता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १८९६ साली त्यांनी पदवी घेतली. पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जाण्याची इच्छा होती, पण पदरी पैसा नव्हता. म्हणून १८९७ ते १९०० अशी तीन वर्षे त्यांनी ओकलंडच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवले आणि पगारातून शिल्लक टाकली. शाळामास्तरकीच्या पगारातून परदेशगमनाची सोय करणे कोणत्याही काळात सोपे नसते. त्यावरून त्यांच्या चिकाटीची कल्पना येते.

जर्मनीत ते प्रथम बर्लिनला आणि नंतर लाइपझिग येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे शिकले. १९०२ साली लाइपझिग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. द्रावणात बुडवलेल्या विद्युत अग्रावरील विभव एकाएकी बदलल्यास त्यातून वाहणारा प्रवाह काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो, हा संबंध त्यांनी या काळातील कामात मांडला. तेच कॉट्रेल समीकरण होय. अमेरिकेत परतल्यावर ते बर्कलीच्या विद्यापीठात अध्यापक झाले व १९०६ साली साहाय्यक प्राध्यापक. १९०४ साली जेसी मे फुल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आम्लाच्या तुषारांचा प्रश्न

प्राध्यापकाचा पगार घरखर्चाला अपुरा पडत असल्याने कॉट्रेल कारखान्यांना तांत्रिक सल्ला देण्याचे काम करीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी पिनोल येथे द्यू पाँ कंपनीचा स्फोटक द्रव्यांचा कारखाना होता. तेथे सल्फ्युरिक आम्ल तयार करताना वायूबरोबर येणारे आर्सेनिक उत्प्रेरकाला निकामी करीत असे. वायू स्वच्छ करू गेल्यास त्यात आम्लाचे अतिसूक्ष्म तुषार तरंगत राहत, आणि ते काही केल्या खाली बसत नसत. कॉट्रेल यांनी आधी ते वेगाने फिरवून अपकेंद्री बलाने वेगळे करण्याचा प्रयत्न केला. तो मोठ्या प्रमाणावर जमण्यासारखा नव्हता. तेव्हा त्यांचे लक्ष विजेकडे वळले.

ही कल्पना नवी नव्हती. विद्युतभारित टोकाजवळ धूर ठेवला तर तो निवळतो, असे लाइपझिग येथील होहलफेल्ड यांनी १८२४ सालीच दाखवले होते. पुढे इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी हा प्रयोग स्वतंत्रपणे केला आणि १८८५ च्या सुमारास वेल्समधील बॅगिल्ट येथे शिशाच्या भट्टीवर त्याची उभारणीही झाली. ती अयशस्वी ठरली. विजेसाठी तेथे विमशर्स्ट यंत्रे वापरली होती. काचेच्या तबकड्या फिरवून वीज निर्माण करणारी ती यंत्रे दमट हवेत नांगी टाकत, शिवाय त्यांच्यातून मिळणारा प्रवाह कारखान्याच्या धुरापुढे अगदीच तोकडा होता. त्यानंतर वीस वर्षे या विषयाकडे कोणी फारसे फिरकले नाही.

कॉट्रेल यांच्या काळापर्यंत परिस्थिती पालटली होती. प्रत्यावर्ती विद्युत प्रवाह गावोगावी पोहोचला होता आणि रोहित्राच्या साहाय्याने त्याचे व्होल्टेज कितीतरी पटींनी चढवणे सोपे झाले होते. अडचण एवढीच होती, की प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा सेकंदाला अनेक वेळा उलटते. त्यामुळे धूलिकण एकदा इकडे व एकदा तिकडे ओढला जातो आणि जागच्या जागी थरथरत राहतो. कणाला एका पट्टीवर नेऊन बसवायचे तर प्रवाह एकाच दिशेने वाहणारा हवा. यासाठी कॉट्रेल यांनी रोहित्राला समकालिक मोटरवर फिरणारी एक कळ जोडली. प्रवाहाची लाट शिखरावर असते नेमक्या त्या क्षणी ही कळ जोडणी करी आणि दिशा उलटण्यापूर्वी ती तोडून पुढची लाट योग्य बाजूला वळवी. धडधडणारी व ठिणग्या उडवणारी ही यांत्रिक एकदिशकारक कळ आज ओबडधोबड वाटते. पण लॉज यांना न मिळालेली विपुल, एकदिश आणि उच्च व्होल्टेजची वीज याच साधनाने मिळाली, व पुढील कित्येक दशके जगभरचे अवक्षेपक तिच्यावर चालले.

दुसरी अडचण विसर्गाची होती. वायूत विद्युतभार पसरवण्यासाठी एका अग्रावरून सतत आणि सारखा विसर्ग व्हावा लागतो. टोकदार सुया लावल्या तर त्यांपैकी काहींवरूनच विसर्ग होई, बाकीच्या कोरड्या राहत. एका संध्याकाळी अंधुक उजेडात काम करत असताना कॉट्रेल यांना दिसले, की सुताचे वेष्टन असलेल्या एका तारेवर संपूर्ण लांबीभर फिकट जांभळी प्रभा पसरली आहे. वेष्टनाचा प्रत्येक सूक्ष्म तंतू हेच एक टोक बनले होते. किंचित ओलाव्याने वाहक झालेल्या अशा तंतूंचे लवदार अग्र त्यांनी मग मुद्दाम तयार केले. गरम व आम्लयुक्त वायूत सूत टिकणार नाही, म्हणून ॲस्बेस्टॉस आणि अभ्रक वापरले. निरीक्षण सुदैवाने घडले हे खरे, मात्र दिवा लावण्याआधी त्या तारेकडे पाहण्याची सवय असलेल्या माणसालाच ते लाभले, हेही तितकेच खरे.

या पद्धतीचे अमेरिकन एकस्व त्यांना ११ ऑगस्ट, १९०८ रोजी मिळाले.

सेल्बी, बालाक्लाला आणि रिव्हरसाइड

पहिली औद्योगिक उभारणी उपसागराकाठच्याच सेल्बी येथील शिशाच्या कारखान्यात झाली. पश्चिमेचा वारा तेथील धूर सामुद्रधुनीपलीकडच्या बेनिशिया गावावर व आसपासच्या शेतांवर नेई. पिके आणि घोडे यांची हानी होत असल्याची तक्रार घेऊन तेथील लोक न्यायालयात गेले होते, आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली होती. कारखान्यात तीन वेगवेगळ्या प्रकारचा धूर होता. शिशाच्या झोतभट्टीचा धूर कापडी पिशव्यांच्या गाळणघरातून नेता येत असे. सोने-चांदी वेगळी करण्याच्या विभागातून निघणाऱ्या सल्फ्युरिक आम्लाच्या वाफा कापड खाऊन टाकत, त्यामुळे तेथे पिशव्यांचा उपयोग नव्हता. खनिज भाजण्याच्या भट्ट्यांच्या धुरातही आम्ल होतेच. कॉट्रेल यांनी आम्लाच्या वाफांपासून सुरुवात केली. शिशाच्या पत्र्यांचा अवक्षेपक बसवल्यावर धुराड्यातून निघणारा पांढरा लोट दिसेनासा झाला आणि खाली द्रवरूप आम्ल वाहू लागले. यंत्राला लागणारी वीजही अगदी थोडी होती. भाजणीच्या भट्ट्यांवर मात्र यश मिळायला पुष्कळ खटपट करावी लागली.

उत्तर कॅलिफोर्नियातील शास्ता परगण्यात बालाक्लाला हा तांबे गाळण्याचा कारखाना होता. तेथे १९१० साली याहून कितीतरी मोठी यंत्रणा उभी राहिली. तिने धूळ पकडली, दररोज कित्येक टन. तरीही १९११ साली कारखाना बंद करावा लागला. याचे कारण असे, की विजेचे क्षेत्र तरंगणारे घन वा द्रव कण ओढू शकते, मात्र वायुरूपात असलेल्या सल्फर डायऑक्साइडवर त्याचा काही परिणाम होत नाही. धुराड्यातून निघणारा धूर डोळ्यांना निर्मळ दिसत होता, आणि शेतातील पाने मात्र करपत होती. नुसत्या डोळ्यांनी धूर पाहून प्रदूषण ठरवता येत नाही, त्यातील प्रत्येक घटक मोजावा लागतो, याचा हा प्रारंभीचा व ठळक दाखला आहे. कॉट्रेल यांच्या चरित्रात बालाक्लालाचा उल्लेख अनेकदा ओझरता येतो. वास्तविक सेल्बीच्या यशापेक्षा त्यातून शिकण्यासारखे अधिक आहे.

तिसरे ठिकाण दक्षिण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड. तेथील सिमेंटच्या कारखान्याची भुकटी भोवतालच्या संत्र्यांच्या बागांवर बसे आणि बागाईतदारांनी दावे लावले होते. कॉट्रेल यांचे विद्यार्थी वॉल्टर श्मिट यांनी या कामात पुढाकार घेतला. सिमेंटच्या भट्टीचा वायू अतिशय उष्ण व कोरडा असतो, त्यात लवदार अग्रे टिकेनात. श्मिट यांनी त्यांऐवजी बारीक उघडी तार वापरली. तार पुरेशी बारीक असेल तर तिच्या पृष्ठभागाजवळचे विद्युत क्षेत्र आपोआप इतके तीव्र होते, की विसर्गासाठी तंतूंची गरज उरत नाही. आजचे बहुतेक अवक्षेपक याच तत्त्वावर आहेत. म्हणजे गुरूचा सर्वांत आवडता शोध शिष्याने पाच-सहा वर्षांत अनावश्यक ठरवला. कॉट्रेल यांनी त्याचे स्वागतच केले. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे पोटॅश बंद झाले, तेव्हा सिमेंटच्या या भुकटीतील पोटॅश खतासाठी काढून विकले जाऊ लागले. जिच्यामुळे खटले झाले, तीच धूळ बाजारात विकली जाऊ लागली.

ठिणगीच्या उंबरठ्यावर

अवक्षेपकाची रचना सांगायला सोपी आहे. जमिनीशी जोडलेल्या पत्र्यांच्या दोन रांगांमधून धूर जातो. रांगांच्या मधोमध टांगलेल्या तारांना काही दहा हजार व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. तारेभोवती प्रभा निर्माण होते, तेथून सुटलेले इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंना चिकटून आयन बनतात, आयन धूलिकणांवर बसतात आणि ऋणभारित झालेले कण पत्र्याकडे ओढले जातात. पत्र्यांवर साचलेला थर हातोड्यांच्या ठोक्यांनी खालच्या नरसाळ्यात पाडला जातो.

यंत्र चालवणे मात्र तितके सोपे नाही. व्होल्टेज जितके अधिक तितके कण वेगाने ओढले जातात. पण एका मर्यादेपलीकडे तार आणि पत्रा यांमध्ये ठिणगी पडते. ठिणगी पडली की त्या क्षणापुरते क्षेत्र कोसळते व धूळ न पकडता निघून जाते. व्होल्टेज तरीही वाढवत नेल्यास ठिणगीची अखंड ज्योत होते, तारा तुटतात आणि वीज नुसती जळत राहते. तेव्हा सर्वांत चांगले काम ठिणगीच्या उंबरठ्यावरच होते. हा उंबरठा स्थिर नसतो. वायूचे तापमान, त्यातील बाष्प, धुळीचे प्रमाण, तिचा विद्युत रोध, पत्र्यांवरील थराची जाडी यांपैकी काहीही बदलले की तो वर-खाली सरकतो. भट्टीत नवे इंधन पडले तरी पुरे. कॉट्रेल यांच्या काळात ही कसरत माणूस करी. यंत्रचालक मापकांच्या काट्यांकडे पाहून आणि ठिणग्यांचा आवाज ऐकून रोहित्राच्या जोडण्या बदलत असे. चांगला चालक थोडी ठिणगी चालू देई, भित्रा चालक व्होल्टेज उतरवून ठेवी आणि रात्रपाळीत धुराड्यातून धूर निघे. एकच यंत्र दोन पाळ्यांत वेगवेगळे काम देते, ही तक्रार त्यामुळेच होती.

या प्रश्नाचे गणित १९२२ साली जर्मन संशोधक वॉल्टर डॉइच यांनी मांडले. त्यांच्या सूत्रानुसार पकडण्याची क्षमता पत्र्यांच्या क्षेत्रफळाप्रमाणे घातांकी रीतीने वाढते. ज्या पत्र्यांनी ९० टक्के धूळ पकडली, त्यांच्या दुप्पट पत्रे लावले तर ९९ टक्के आणि तिप्पट लावले तर ९९.९ टक्के धूळ पकडली जाईल. मात्र त्याच सूत्रात कणाचा पत्र्याकडे सरकण्याचा वेगही येतो आणि तो व्होल्टेजवर अवलंबून असतो. म्हणून नवे पत्रे उभारण्यापेक्षा आहे ते व्होल्टेज उंबरठ्यावर नेमके राखणे स्वस्त पडते. स्वयंचलित नियंत्रणाची गरज या हिशेबातून निर्माण झाली.

एकस्वे आणि रिसर्च कॉर्पोरेशन

एकस्वांच्या वापरासाठी कॉट्रेल यांनी आरंभी काही सहकाऱ्यांसह कंपनी काढली होती. यंत्राला मागणी येऊ लागल्यावर आपण श्रीमंत होऊ हे त्यांना दिसत होते. विद्यापीठातील संशोधनाला पैसा मिळत नाही आणि संशोधनाचा आर्थिक लाभ विद्यापीठात परत येत नाही, हीच त्यांची तक्रार होती. म्हणून आपले हक्क एखाद्या सार्वजनिक संस्थेला द्यावेत, असे त्यांनी ठरवले. व्यापारी एकस्वे स्वतः सांभाळण्याची जबाबदारी घेणे विद्यापीठाला किंवा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला अवघड होते. अखेर स्मिथसोनियनचे सचिव चार्ल्स वॉलकॉट यांच्या साहाय्याने फेब्रुवारी १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथे रिसर्च कॉर्पोरेशनची स्थापना झाली. भांडवल अवघे १०,००० डॉलर होते आणि भागधारकांना लाभांश मिळणार नाही, असा नियम होता. एलिहू टॉमसन, आर्थर लिटल यांच्यासारखी माणसे संचालक मंडळावर आली. पश्चिमेकडील राज्यांतील हक्क वेस्टर्न प्रेसिपिटेशन या जुन्या कंपनीकडे राहिले. ब्रिटनमध्ये पुढे लॉज यांच्या कंपनीशी सांगड घातली जाऊन लॉज-कॉट्रेल हे नाव रूढ झाले.

धुराड्यांवरील यंत्रांतून मिळालेल्या या पैशाचा पुढील प्रवास मनोरंजक आहे. रॉबर्ट गॉडर्ड यांचे अग्निबाणांचे प्रयोग, अर्नेस्ट लॉरेन्स यांचे सायक्लोट्रॉन आणि रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांचा उच्च व्होल्टेजचा जनित्र यांना त्यातून साहाय्य मिळाले. बेरीबेरीवर गुणकारी असलेल्या ब-१ जीवनसत्त्वाचे संश्लेषण करणारे रॉबर्ट विल्यम्स यांनीही आपली एकस्वे याच संस्थेच्या हवाली केली.

सरकारी सेवा

१९११ साली कॉट्रेल यांनी विद्यापीठ सोडले व अमेरिकेच्या खाण विभागात ते रुजू झाले. तेथे मुख्य धातुतज्ज्ञ, साहाय्यक संचालक आणि १९२० मध्ये काही महिने संचालक अशी पदे त्यांनी सांभाळली. पहिल्या महायुद्धात नैसर्गिक वायूपासून हेलियम वेगळा करण्याच्या कामाला त्यांनी चालना दिली. न पेटणारा हा वायू हवाई जहाजांसाठी हवा होता, आणि तोवर तो प्रयोगशाळेतील दुर्मीळ वस्तू होता. १९२२ ते १९३० या काळात ते वॉशिंग्टन येथील नायट्रोजन स्थिरीकरण प्रयोगशाळेचे संचालक होते. हवेतील नायट्रोजनपासून खते करण्याचे तंत्र अमेरिकेत रुजवण्याचे काम या प्रयोगशाळेने केले.

आंतरराष्ट्रीय भाषा हा त्यांच्या आयुष्यातील आणखी एक ध्यास. वैज्ञानिकांना परस्परांचे लेखन सहज वाचता यावे, यासाठी सर्वांना सोपी अशी एक साहाय्यक भाषा हवी, असे त्यांचे मत होते. या विषयावरील आंतरराष्ट्रीय समितीचे काम त्यांनी १९१९ पासून पाहिले. १९२४ साली ॲलिस मॉरिस व त्यांचे पती यांनी इंटरनॅशनल ऑक्झिलरी लँग्वेज असोसिएशन स्थापन केली, त्यामागे कॉट्रेल यांचा आग्रह होता. याच संस्थेने १९५१ साली इंटरलिंग्वा ही भाषा सादर केली. ती पाहायला ते हयात नव्हते.

एक काम पुरते तडीस जाण्याआधी दुसऱ्याकडे वळणे हा त्यांच्या स्वभावाचा दोष मानावा लागेल. अवक्षेपकाची पुढील सुधारणा त्यांनी जवळजवळ संपूर्णपणे शिष्यांवर व कंपन्यांवर सोपवली. १९३५ साली काढलेली रिसर्च असोसिएट्स ही दुसरी संस्था फार काळ तग धरू शकली नाही.

पर्किन पदक (१९१९), विलर्ड गिब्ज पदक (१९२०) आणि हॉली पदक (१९३७) हे त्यांना मिळालेले काही सन्मान. उतारवयात ते कॅलिफोर्नियात परतले. १६ नोव्हेंबर, १९४८ रोजी बर्कली येथे नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे अधिवेशन चालू असताना सभागृहातच त्यांचे निधन झाले. १९९२ साली अमेरिकेच्या संशोधकांच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव समाविष्ट करण्यात आले.

कॉट्रेलनंतर : स्वयंचलित नियंत्रण व देखरेख

दगडी कोळशाची भुकटी जाळणाऱ्या वीजकेंद्रावर अवक्षेपक प्रथम १९२० च्या दशकात, डेट्रॉइटजवळच्या ट्रेंटन चॅनल येथे बसवला गेला. वीजकेंद्रांचा आकार वाढला तशी मापकांकडे पाहत बसणाऱ्या माणसाची पद्धत अपुरी पडू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर ठिणग्या मोजून व्होल्टेज आपोआप जुळवणारे नियंत्रक आले. फिरत्या कळीची जागा आधी सेलेनियमच्या व नंतर सिलिकॉनच्या एकदिशकारकांनी घेतली. थायरिस्टर आल्यावर नियंत्रण अतिशय चपळ झाले. ५० हर्ट्झच्या प्रवाहात अर्धी लाट १० मिलिसेकंदांची असते. ठिणगी पडल्याचे कळताच थायरिस्टर पुढची अर्धी लाट रोखून धरतो, ठिणगी विझते, मग व्होल्टेज झपाट्याने आधीच्या पातळीच्या थोडे खाली आणले जाते आणि पुन्हा सावकाश चढवले जाते. उंबरठा चाचपण्याचे जुने काम मायक्रोप्रोसेसर असे अहोरात्र करीत राहतो.

धुळीचा विद्युत रोध फार असेल तर निराळेच संकट येते. पत्र्यावरील थरातून विद्युतभार निघून जात नाही, थरातच विसर्ग सुरू होतो आणि उलट भाराचे आयन वायूत सुटतात. व्होल्टेज घटत असतानाही प्रवाह वाढतो, हे त्याचे लक्षण. नियंत्रक ते ओळखून काही लाटा गाळतो व वीज थांबून थांबून देतो. ठोक्यांचेही वेळापत्रक असते. ठोके फार वारंवार दिले तर पडणारी धूळ पुन्हा उडते, फार उशिरा दिले तर थर जाड होतो. त्यामुळे जास्त धूळ पकडणाऱ्या पहिल्या विभागाला अधिक वेळा आणि शेवटच्या विभागाला क्वचित ठोके दिले जातात. नरसाळी भरून राख तारांपर्यंत चढली तर विद्युत मंडळ लघुपथित होते, म्हणून राखेची पातळी दर्शवणारे संवेदक लावतात. सिमेंटच्या भट्टीत कार्बन मोनॉक्साइड वाढल्यास ठिणगीने स्फोट होण्याचा धोका असतो. तेथे वायुविश्लेषक धोक्याची पातळी दिसताच अवक्षेपकाची वीज तोडतो. पिशव्यांच्या गाळण्यांत ठिणगीचा प्रश्न नाही, तेथे पिशवीच्या दोन बाजूंमधील हवेच्या दाबाचा फरक मोजून दाबाच्या हवेचे झोत सोडले जातात.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते व गंधक अत्यल्प असते. गंधक कमी असल्याने राखेचा विद्युत रोध जास्त राहतो आणि ती पकडणे कठीण जाते. यामुळे चंद्रपूर, कोराडी, परळी यांसारख्या ठिकाणच्या औष्णिक केंद्रांना परदेशांतील तशाच क्षमतेच्या केंद्रांपेक्षा मोठे अवक्षेपक लागतात. तमिळनाडूतील राणीपेट येथे भेल कंपनीचा कारखाना अशी यंत्रे तयार करतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी धूलिकणांची मर्यादा ठरवली. २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या संचांना घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०१६ पर्यंतच्या संचांना ५० मिलिग्रॅम आणि २०१७ पासूनच्या संचांना ३० मिलिग्रॅम अशी ती आहे. त्याआधी, २०१४ साली, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक अशा १७ वर्गांतील उद्योगांना धुराड्यावर अखंड मोजमाप करणारी उपकरणे बसवण्यास सांगितले होते. या उपकरणांपैकी एक प्रकार धुराड्याच्या एका बाजूने प्रकाशाचा झोत सोडतो आणि दुसऱ्या बाजूला तो किती पोहोचला हे मोजतो. त्या नोंदी संगणकाद्वारे थेट मंडळाकडे जातात.